अल्फा फॅक्टर टाकला तरी यीस्ट थांबत नाही: नवी कुपी मागवण्याआधी काय तपासायचं

"मॅडम, पेप्टाइड मेलं."

पावसाळ्याच्या सत्रात हे वाक्य मला निदान दोन-तीनदा ऐकू येतं. फोंड्याच्या बाजूच्या एका कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेचं काम बघते. यीस्टच्या ए जातीच्या पेशींना अल्फा फॅक्टर हे पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) देऊन त्यांची वाढ थांबवण्याचं प्रात्यक्षिक दरवर्षी असतं आणि दरवर्षी कुणा ना कुणाचं फसतं. पहिल्यांदा फसलं तेव्हा मीही घाबरून सरळ नवीन पेप्टाइड मागवलं. ते यायला दीड महिना लागला. टाकलं, आणि पेशी पुन्हा निवांत कळ्या काढत बसल्या. दोन्ही कुप्या ठणठणीत होत्या, घोळ पेशींत होता. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी डोळे, मग पेशी, मग माध्यम आणि प्लेट, आणि पेप्टाइडवर संशय अगदी शेवटी.

लक्षणं

यातलं तुमचं कुठलं ते आधी ठरवा, कारण पुढचा रस्ता त्यावरून ठरतो.

- दोन तास झाले तरी निम्म्याहून जास्त पेशींना कळ्या आहेत, शमू (नाक काढलेली, थांबलेली पेशी) एकही नाही.
- दीड तासाला छान शमू दिसले, तीन तासांनी परत कळ्या सुरू.
- प्लेटवर पेप्टाइड लावलेल्या चकतीभोवती हेलो (पेशी थांबल्याने दिसणारं स्वच्छ वर्तुळ) नाहीच. किंवा आहे, पण धुरकट, आणि दुसऱ्या दिवशी भरून गेला.
- हेलो स्वच्छ आहे, पण आत चार-पाच टपोऱ्या कॉलनी.
- हेलो एका बाजूला ओघळलेला, वेडावाकडा.
- नुसतं द्रावक लावलेल्या चकतीभोवतीही वाढ नाही.
- गेल्या महिन्यात चाललेलं या महिन्यात चालत नाही, आणि कुणीच काही बदललेलं नाही (असं सगळे शपथेवर सांगतात).

आधी एवढं डोक्यात ठेवा

बेकरीचं यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, हॅप्लॉइड (गुणसूत्रांचा एकच संच) असताना दोन जातींचं असतं: ए आणि अल्फा. अल्फा पेशी १३ अमिनो आम्लांचं एक छोटं पेप्टाइड बाहेर सोडते, तोच अल्फा फॅक्टर. ए पेशीच्या पटलावर त्याला ओळखणारा स्टे-२ नावाचा रिसेप्टर असतो. पटलातून सात वेळा आरपार गेलेलं हे ४३१ अमिनो आम्लांचं प्रथिन आहे. आपल्या शरीरातले अॅड्रेनालीनचे रिसेप्टर याच सात फेऱ्यांच्या घराण्यातले. या घराण्यावरच्या कामाला २०१२ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, म्हणून हे प्रात्यक्षिक अभ्यासक्रमात टिकून आहे असं माझं मत.

पेप्टाइड रिसेप्टरवर बसलं की आतलं जी-प्रथिन फुटतं, एकामागून एक किनेझ (संदेश पुढे नेणारी विकरं) जागे होतात, शेवटी स्टे-१२ जनुकं चालू करतं आणि फार-१ पेशीचक्राला जी-१ टप्प्यावर, म्हणजे कळी निघायच्या आधी, रोखून धरतं. पेशी कळी काढायची थांबते, जोडीदाराच्या दिशेने नाक काढते आणि नासपतीसारखी दिसू लागते. तोच शमू.

या साखळीत पेप्टाइड हा एकच दुवा आहे. बाकीचे दहा-बारा दुवे पेशीच्या आत आहेत. आणि पेशीला तिचं स्वतःचं एक हत्यारही आहे, त्याच्याकडे पुढे येते.

खर्च शून्य: नीट बघा आणि मोजा

निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. शमूचं नाक आणि कळी यांत नवखी माणसं हमखास गोंधळतात. कळीला मानेपाशी आवळलेपण असतं, आईच्या पेशीला चिकटवलेल्या मण्यासारखं. शमूचं टोक मूळ पेशीतूनच निमुळतं होत जातं, मध्ये खाच नसते. एकदा एका विद्यार्थिनीने "ऐंशी टक्के कळ्या" लिहिल्या होत्या. मी काच बघितली तर तिने सगळे शमू कळ्यांत धरले होते. प्रयोग उत्तम झाला होता!

उलटी गफलतही होते. शमू दिसला नाही म्हणजे पेशीने ऐकलं नाही असं नसतं. पेशीचक्र थांबायला कमी मात्रा पुरते, नाक काढायला जास्त लागते. त्यामुळे मात्रा काठावरची असेल तर गोल, फुगलेल्या, कळी नसलेल्या पेशी दिसतात. त्या थांबलेल्याच आहेत. मोजताना "कळी आहे" आणि "कळी नाही" एवढेच दोन रकाने करा, शमूंची नोंद वेगळी ठेवा. निदान दोनशे पेशी मोजा. चांगल्या प्रयोगात नव्वद टक्क्यांहून जास्त कळीविना यायला हव्यात.

वेळही बघा. पेप्टाइड टाकलं त्या क्षणी ज्या पेशीला कळी होती ती आपलं चालू चक्र पुरं करते आणि मगच थांबते. म्हणून साधारण एक दुप्पटकाळ तरी द्यावाच लागतो. वायपीडी या यीस्टच्या नेहमीच्या सकस माध्यमात तो दीड तासाच्या आसपास असतो, मिनिमल (मोजकेच घटक असलेल्या) माध्यमात बराच जास्त. मिनिमल माध्यमात वाढवून नव्वद मिनिटांनी काच बघणाऱ्याला मी तासभर चहा पिऊन ये म्हणते.

आणि एक: पेशी गठ्ठ्याने चिकटलेल्या असतील तर मोजणीला अर्थ नाही. आधी नळी जोरात हलवून सुट्या करा.

खर्च शून्य: कल्चर किती दाट आहे

रात्रभर वाढलेलं दाट कल्चर थेट वापरणं ही सगळ्यात लाडकी चूक. अशा कल्चरमध्ये साखर संपलेली असते, पेशी आधीच बसलेल्या असतात आणि बहुतेक कळीविना असतात. मग पेप्टाइड टाकून "थांबल्या" असं लिहिलं जातं, पण त्या उपाशीपोटी थांबलेल्या असतात. पुढच्या खेपेला ताजं कल्चर घेतलं की निकाल जुळत नाही आणि खापर पेप्टाइडवर फुटतं.

सकाळी कल्चर पातळ करून ओडी (गढूळपणाचं माप) ०.१ ते ०.१५ वर सुरू करा, ०.२ ते ०.४ झाली की पेप्टाइड टाका. पेप्टाइड न टाकलेली एक नळी शेजारी हवीच. तिच्यात कळ्या भरपूर नसतील तर प्रयोग थांबवा. जी पेशी वाढतच नाही ती थांबली की नाही हे कसं कळणार?

दाटपणाचं दुसरं कारण महत्त्वाचं आहे आणि ते थेट त्या हत्याराशी जोडलेलं आहे.

बार-१: पेप्टाइड खाणारी पेशी

ए पेशी बार-१ नावाचं प्रथिन-कापं विकर बाहेर सोडतात. अल्फा फॅक्टरची साखळी अशी आहे: ट्रिप्टोफॅन, हिस्टिडीन, ट्रिप्टोफॅन, ल्युसीन, ग्लुटामीन, ल्युसीन, लायसीन, प्रोलीन, ग्लायसीन, ग्लुटामीन, प्रोलीन, मेथिओनीन, टायरोसीन. बार-१ सहाव्या ल्युसीनच्या आणि सातव्या लायसीनच्या मधोमध कात्री चालवतं. तुकडे निरुपयोगी. वरकडी म्हणजे अल्फा फॅक्टर दिसला की पेशी बार-१ आणखी बनवते. निसर्गात याचा उपयोग असा, की जुनी हाक पुसली जाते आणि जोडीदार नेमका कुठल्या बाजूला आहे ते कळतं. आपल्या फ्लास्कमध्ये मात्र पैसे पाण्यात जातात.

दीड तासाला शमू आणि तीन तासांनी कळ्या, किंवा संध्याकाळचा हेलो सकाळी भरलेला, ही बार-१ ची सही समजा. पेशी जितक्या दाट तितकं बार-१ जास्त आणि पेप्टाइड तितकं लवकर संपतं.

तपासणी सोपी: तुमच्या स्ट्रेनचं (यीस्टच्या वाणाचं) नाव वहीत बघा. बीवाय४७४१ किंवा डब्ल्यू३०३ यांच्या मूळ रूपात बार-१ शाबूत असतं. त्यांना मिलिलिटरला ५ ते १० मायक्रोग्रॅम पेप्टाइड लागतं. बार-१ काढून टाकलेल्या स्ट्रेनला ५० ते १०० नॅनोग्रॅम पुरतं. म्हणजे शंभरपट फरक. आमच्याकडे एका वर्षी जुन्या तुकडीची कृती नव्या स्ट्रेनला लावली गेली. कागदावर "५० नॅनोग्रॅम" होतं, हातात बार-१ शाबूत असलेली पेशी होती. दोन आठवडे गेले.

बार-१ असलेलीच पेशी वापरायची असेल तर तीन उपाय. पहिला, कल्चर पातळ ठेवा. दुसरा, तासाभराने निम्मी मात्रा पुन्हा द्या. तिसरा, वायपीडीचा पीएच हायड्रोक्लोरिक आम्लाने ३.९ च्या आसपास आणा. बार-१ एवढ्या आम्लात मंदावतं, यीस्टला मात्र ते चालतं. हा तिसरा उपाय द्रव माध्यमासाठीच ठेवा. प्लेटी गोठवणारा अगर हा पदार्थ आम्ल घालून ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) टाकला तर तो धड गोठत नाही, आणि मग प्लेटीची खीर होते.

खर्च एका प्लेटीचा: अल्फा पेशींचा ठिपका

हाच माझा हुकमी पत्ता, आणि इतका स्वस्त असून लोक तो का विसरतात कळत नाही.

अल्फा फॅक्टर विकत मिळतो तसा फुकटही मिळतो. अल्फा जातीची पेशी तो रात्रंदिवस बनवतच असते. तुमच्या ए पेशींचं लॉन, म्हणजे प्लेटभर पेशींचा एकसारखा थर, घाला. एका बाजूला तुमच्या पेप्टाइडची चकती ठेवा, दुसऱ्या बाजूला काडीने अल्फा पेशींचा, उदाहरणार्थ बीवाय४७४२ चा, ठिपका लावा. तिसऱ्या जागी नुसत्या द्रावकाची चकती. ३० अंशांवर एक ते दोन दिवस.

ठिपक्याभोवती हेलो आला आणि चकतीभोवती नाही: पेशी ठीक, पेप्टाइडकडे बघा.

दोन्हीकडे नाही: लॉनच्या पेशींत घोळ आहे. पेप्टाइडला हात लावू नका.

दोन्हीकडे आला: प्लेटवर सगळं बरोबर आहे, तुमची गडबड फ्लास्कमध्ये आहे. वर दाटपणा आणि वेळेचं लिहिलंय तिथे परत जा.

द्रावकाभोवतीही वाढ नाही: द्रावक जास्त झालं. चकती पूर्ण वाळवून मगच ठेवा. फ्लास्कमध्ये मिथेनॉल किंवा डीएमएसओ एक टक्क्याच्या आत ठेवा.

एक अट आहे. लॉन बार-१ नसलेल्या ए पेशींचं हवं, नाहीतर ठिपक्यातून येणारं थोडकं पेप्टाइड लॉनच खाऊन टाकतं आणि हेलो दिसतच नाही. अशी एक स्ट्रेन प्रत्येक प्रयोगशाळेने तपासनीस म्हणून ग्लिसरॉलमध्ये जपून ठेवावी.

याच प्लेटवर आणखी एक गंमत होते. चकतीच्या जवळ बार-१ असलेल्या ए पेशींची एक रेघ ओढा. हेलो त्या बाजूने चेपलेला दिसतो, कारण रेघेतल्या पेशी वाटेतच पेप्टाइड कापतात. बार हे नावच 'बॅरियर' या शब्दावरून पडलंय. तुमची स्ट्रेन बार-१ ची आहे की नाही याची नोंद हरवली असेल तर उत्तर या एका रेघेत मिळतं.

पेशी आहेत तरी कोण?

ठिपक्याच्या परीक्षेत पेशी नापास झाल्या, की पुढचा प्रश्न हा. शक्यता तीन: अल्फा पेशी, डिप्लॉइड (दोन जाती जुळून गुणसूत्रांचे दोन संच झालेली पेशी), किंवा परकं यीस्ट.

अल्फा पेशीवर स्टे-२ नसतो, तिच्यावर स्टे-३ असतो आणि तो ए फॅक्टरला ओळखतो. डिप्लॉइडमध्ये तर दोन्ही जातींची जनुकं मिळून हॅप्लॉइडची सगळी सामग्रीच बंद करतात. लग्न झालेल्या पेशीला स्थळं सुचवून उपयोग नाही.

हा मुद्दा गोव्यात फार जवळचा आहे. दरवर्षी कुणीतरी उत्साही मुलगा विचारतो, पोदेराकडचं (पाववाल्याकडचं) यीस्ट आणू का? घरच्या माडाच्या सुरेतलं (माडीतलं) काढू का? आणा, जरूर आणा, कॉलनी सुंदर येतात. पण अल्फा फॅक्टरला ती ओ देणार नाहीत. रानटी सॅकरोमायसिसमध्ये एचओ जनुक सहसा शाबूत असतं. हॅप्लॉइड पेशी आपली जात बदलून स्वतःच्याच लेकीशी जुळते आणि डिप्लॉइड होऊन बसते. बाजारातल्या बेकरी यीस्टमध्ये गुणसूत्रांचे संच बहुधा दोनापेक्षाही जास्त असतात. प्रयोगशाळेतल्या स्ट्रेन हॅप्लॉइड राहतात त्या एचओ मोडलेलं असल्यामुळे.

अडचण ही, की हेच पाहुणे पावसाळ्यात आपणहून प्लेटवर येतात. ओली हवा, भिंतीला बुरशी, आणि कुणाच्या डब्यात पोदेराकडची ताजी पोळी (पाव). डब्ल्यू३०३ असेल तर एक फुकटची खूण आहे: अॅडेनीनच्या जनुकातल्या दोषामुळे तिच्या कॉलनी गुलाबी-लालसर होतात. गुलाबी प्लेटवर पांढरी टपोरी कॉलनी दिसली की आधी तिच्यावर संशय घ्या. बीवाय४७४१ ला अशी खूण नाही, तिथे संकराची परीक्षा करा. बीवाय४७४१ ला मेथिओनीन लागतं, बीवाय४७४२ ला लायसीन लागतं. दोघांना वायपीडीवर एकत्र वाढवून मेथिओनीन आणि लायसीन नसलेल्या मिनिमल प्लेटवर नेलं तर फक्त त्यांच्या संकराची डिप्लॉइड वाढते. वाढ आली, म्हणजे तुमची ए पेशी खरंच ए आहे आणि तिला लग्न जमतं. दोघांना वेगवेगळं लावलेले ठिपके त्याच प्लेटवर ठेवा, नाहीतर वाढ कुणाची ते कळणार नाही.

थोडा खर्च चालणार असेल तर मेटिंग टाइपचा, म्हणजे जात ओळखणारा, पीसीआर (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून बघायची चाचणी) करा. तीन प्रायमरच्या नेहमीच्या पद्धतीत ए ला ५४४ बेसची पट्टी येते, अल्फाला ४०४ ची, डिप्लॉइडला दोन्ही.

आणि स्ट्रेन फ्रिजमधल्या स्लँटवरून (तिरप्या अगरच्या नळीवरून) स्लँटवर वर्षानुवर्षं नेऊ नका. ग्लिसरॉलमधून ताजी उचला. हे मी ओरडून सांगते आणि तरीही फ्रिजमध्ये २०१९ चा स्लँट सापडतोच.

हेलोच्या आतल्या कॉलनी

यांना घाबरू नका. हेलोच्या आत वाढलेली पेशी म्हणजे हाक ऐकू न येणारी उत्परिवर्तित पेशी असू शकते. शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात नेमक्या अशाच पेशी वेचून ही सगळी साखळी शोधली. स्टे हे नाव 'स्टराइल' वरून आलं, म्हणजे वांझ. एखाद-दुसरी कॉलनी आली तर स्वाभाविक आहे. पण हेलोभर दाणे पडले असतील तर तुमच्या लॉनमध्ये बहिऱ्या पेशी आधीपासूनच भरपूर आहेत. एकेरी कॉलनी काढून नव्याने सुरुवात करा.

प्लेटीचे पावसाळी दुखणे

ओघळलेल्या हेलोचं कारण जुलैत ठरलेलं: प्लेट ओली. आपल्याकडे या महिन्यांत प्लेटी टेबलावर वाळतच नाहीत. झाकणाचं पाणी लॉनवर पडतं आणि पेप्टाइड त्याच्यासोबत वाहत जातं. ओतल्यावर लॅमिनार फ्लोमध्ये झाकण तिरकं करून अर्धा तास ठेवा, मग उलटी करून रात्रभर इन्क्युबेटरमध्ये. लॉनसाठीचा मऊ (कमी घट्ट) अगर फार गरम असताना त्यात पेशी घातल्या तर त्या भाजतात. नळी गालाला सोसेल इतकी कोमट होऊ द्या, म्हणजे ४५ अंशांच्या आसपास. लॉनला प्लेटीमागे एक ते पाच लाख पेशी पुरेत. जास्त घातल्या तर पेप्टाइड पसरायच्या आत लॉन भरून जातं आणि हेलो आक्रसतो.

एप्रिल-मेमध्ये दुखणं वेगळं. नुसता तापवणारा इन्क्युबेटर खोलीपेक्षा गार होऊ शकत नाही. खोलीतच ३३ अंश असतील तर काट्यावर ३० लावून काही होत नाही. आत साधा थर्मामीटर ठेवा आणि काट्यावर विश्वास ठेवू नका. गेल्या महिन्याचा हेलो या महिन्याच्या हेलोशी जुळत नाही याचं कारण आमच्याकडे दोनदा हेच निघालं.

आता पेप्टाइड

इथवर येऊन पेशी, माध्यम, प्लेट सगळं पास झालं, तरच.

पहिलं, हिशेब. कुपीवर "१ मिलिग्रॅम" लिहिलंय त्यात सगळं पेप्टाइड नसतं. क्षार आणि पाणी धरून वजन केलेलं असतं. "९५ टक्के शुद्ध" म्हणजे पेप्टाइडसदृश रेणूंपैकी ९५ टक्के हवे ते. वजनातला पेप्टाइडचा वाटा हा वेगळा आकडा असतो आणि तो बराच कमी असू शकतो. अल्फा फॅक्टरचा रेणुभार सुमारे १६८४, म्हणजे मिलिलिटरला १ मिलिग्रॅम म्हणजे जवळपास ०.६ मिलिमोलर. दशांश चिन्ह सरकलेलं मी स्वतः पकडलंय, स्वतःच्याच वहीत.

दुसरं, स्पेक्ट्रोफोटोमीटर. या पेप्टाइडमध्ये दोन ट्रिप्टोफॅन आणि एक टायरोसीन आहे, त्यामुळे २८० नॅनोमीटरला ते चांगलं शोषतं. मिलिलिटरला १ मिलिग्रॅमच्या द्रावणाचं शोषण ७.४ च्या आसपास यायला हवं. म्हणून दहापट पातळ करून वाचा, ०.७४ च्या जवळ आलं पाहिजे. क्वार्ट्झची क्युवेट घ्या आणि ब्लँकला तेच द्रावक. निम्मं आलं तर मात्रा दुप्पट करा, प्रकरण मिटलं. हे वाचन पेप्टाइड किती आहे ते सांगतं, ते शाबूत आहे की नाही ते सांगत नाही. बार-१ ने कापलेले तुकडेही तेवढंच शोषतील.

तिसरं, साठवण. इथे आमची चवथ (गणेश चतुर्थी) आडवी येते. सुट्टीत आठवडाभर इमारत बंद, वीज जाते-येते, डीप फ्रीझर वितळतो आणि पुन्हा गोठतो. कुणाला पत्ता लागत नाही, कारण परत येईस्तोवर सगळं पुन्हा टणक झालेलं असतं. मी फ्रीझरमध्ये एका वाटीत बर्फ करून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवते. परत आल्यावर नाणं बर्फात बुडालेलं दिसलं की कळतं. पेप्टाइड एकदाच विरघळवून छोट्या नळ्यांत वाटून ठेवा. एक नळी, एक प्रयोग.

बारावं अमिनो आम्ल मेथिओनीन आहे आणि ते हवेने ऑक्सिडाइझ होतं. त्याने पेप्टाइड कमजोर पडू शकतं. म्हणूनच काही जण त्या जागी नॉरल्युसीन घातलेलं रूप वापरतात. त्याची क्रिया टिकते आणि ऑक्सिजनचा त्रास नाही. भुकटीची कुपी फ्रीझरमधून काढल्या काढल्या उघडू नका. आपल्या दमट हवेत आत लगेच दव धरतं. सिलिका जेलच्या डब्यात खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा.

चौथं, अगदी पातळ द्रावण नळीच्या भिंतीला चिकटतं. नॅनोग्रॅममधली द्रावणं आदल्या दिवशी करून ठेवू नका. त्याच वेळी करा आणि लगेच वापरा.

शेवटी जुनी नळी आणि नवी नळी एकाच प्लेटवर, दोन-दोनपट पातळ करत, शेजारी शेजारी लावा. हेलोचा व्यास मात्रेच्या लॉगबरोबर वाढतो. जुन्याचा हेलो नव्याच्या चौथ्या हिश्श्याच्या मात्रेशी जुळला, तर जुन्यात पाव जीव उरलाय. टाकून देऊ नका, चौपट घाला.

इथे थांबा

अल्फाच्या ठिपक्याला हेलो येतो, २८० चं शोषण बरोबर आहे, तरी पेप्टाइड गप्प आहे: आता घरी काही करण्यासारखं नाही. एचपीएलसी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणू वेगळे करून त्यांचा भार मोजणारी यंत्रं) असलेल्या केंद्राला नमुना द्या. रेणुभारात १६ ची भर दिसली तर ऑक्सिडेशन. कमी भरलं तर साखळी बनवताना अमिनो आम्ल गळलंय. पेप्टाइड यंत्रात शेपटाकडून डोक्याकडे बनतं, त्यामुळे डोक्याची जोडणी शेवटी होते. आणि या पेप्टाइडचं शेपूट रिसेप्टरला धरतं, तर डोकं संदेश देतं. डोकं बिघडलेला तुकडा रिसेप्टरवर बसतो आणि नुसताच जागा अडवतो. असा अहवाल हातात आला की विक्रेत्याकडे बदली कुपी मागा, त्याआधी भांडू नका.

पीसीआरने पेशी ए निघाली, संकर होत नाही, ठिपक्यालाही हेलो नाही: स्टे जनुकांपैकी कुठलं तरी मोडलंय. स्टे-२ चं सीक्वेन्सिंग बाहेर करून घेता येतं. पण दोष स्टे-४ मध्ये आहे की स्टे-५ मध्ये हे शोधत बसणं प्रात्यक्षिकाचं काम नाही. यीस्टवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेला लिहा आणि ताजी स्ट्रेन मागवा. फ्युस-१ चा प्रकाशणारा रिपोर्टर (हाक ऐकली की चमकणारी खूण) असलेली स्ट्रेन त्यांच्याकडे असेल तर तीही मागा. पेप्टाइड दिल्यावर ती चमकली पण थांबली नाही, तर रिसेप्टर निर्दोष आहे आणि बिघाड खाली फार-१ च्या बाजूला आहे.

डीप फ्रीझरचा कॉम्प्रेसर आणि ऑटोक्लेव्हचा व्हॉल्व्ह यांना तर हातच लावू नका, तंत्रज्ञ येईपर्यंत ऑटोक्लेव्हवर "वापरू नये" चा कागद चिकटवा.

आणि प्रात्यक्षिक उद्यावर आलं असेल तर आज संध्याकाळीच बार-१ नसलेल्या ए पेशींचं लॉन घालून त्यावर अल्फाचे चार ठिपके लावून ठेवा. हेलो उद्या दुपारपर्यंत दिसतो.